महिन्याचा कागद

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
सुभक्तीबाई निळे कागद वाटायच्या,
कांद्याच्या सालीएवढे पातळ,
दोन्हीकडून लिहिलं तर
इकडचं तिकडे दिसेल असे.
ज्याचा खर्च ज्या परदेशी बाईकडे
त्यानं तिला पत्र लिहायचं.
माझी इंगेबोर्गबाई.
फोटोत ती घराबाहेर उभी,
खिडकीपर्यंत सगळं पांढरं.
बारक्या वळवी म्हणाला, कापूस.
एवढा पिकला
आणि वेचायला एक मजूर नाही.

फळ्यावर नमुना असायचा:
सलाम. मी बरा आहे.
अभ्यास चांगला चालला आहे.
आमच्यासाठी प्रार्थना करा.
चाळीस पोरं, चाळीस बरी.
बारक्याला हिवताप चढला, तेव्हा
त्याचा कागद मीच लिहिला.
तोही बरा होता.

नमुन्यात पहाट नव्हती.
चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा
साडेचारला वाजायचा,
नवापूर स्टेशनातली मालगाडी
त्याला ओळखीनं शिट्टी द्यायची.
रंगावलीच्या पाण्यात उड्या, दगडानं टाचा घासणं,
मग ओळीत उभं राहून
नखं दाखवायची, कानामागचं दाखवायचं.
उपासनेत डोळे मिटायचे.
मी एक उघडा ठेवायचो:
मिस डागमारच्या पापण्या
ज्वारीच्या कोंड्यासारख्या फिक्या,
त्यांवर माशी बसली तरी हलायच्या नाहीत.

दुधाच्या पावडरीचं पिंप कोठीत.
आम्ही कोरडीच चोरायचो,
टाळूला चिकटायची, बोलता यायचं नाही.
कोणी घेतली, असं विचारलं
की जो गप्प, तो चोर.
कधी कधी सगळीच बोर्डिंग गप्प.

मिस डागमार आणि मी
एकाच वर्षी मराठी शिकलो.
माझी मावची गावी राहिली, तिची बोली बोटीपलीकडे.
बाजारात अहिराणी, स्टेशनावर गुजराती,
आणि वर्गात ही तिसरीच,
नेसायला दिलेल्या नव्या कोऱ्या धोतरासारखी कडक.
तिला ळ यायचा नाही.
मला ण यायचा नाही.
सावळे मास्तर दोघांनाही सुधारायचे,
तिला हसून,
मला निरगुडीच्या फोकानं.

एका रविवारी माझा बाप आला.
सागाच्या पानात नागलीची भाकरी,
भाजलेली मोहाची फुलं,
आणि रात्रीच्या दारूचा वास, तोही मोहाचाच.
फाटकावर पहारेकऱ्यानं पान तेवढं घेतलं.
मी खिडकीतून पाहत होतो.
हाक मारली असती तर ऐकू गेली असती.
कोणत्या भाषेत मारायची,
एवढ्यात तो वळला.

त्या शनिवारी मी फळ्याकडे पाहिलं नाही.
लिहिलं:
वडील आले आनि गेले.
त्यांचे हात काट्यांनी फाटलेले आहेत.
मी हाक मारली नाही.

सुभक्तीबाईंनी वाचलं.
आता कागद फाडतील, कोपऱ्यात उभं करतील.
त्यांनी लाल पेन काढलं,
'आनि'चं 'आणि' केलं,
कागदाची घडी घातली
आणि मिस डागमारच्या टेबलावर ठेवली.
भाषांतर तिच करायची.

मार्च गेला, एप्रिल गेला.
मे महिन्यात, पत्रे तापून टिचत असताना,
पार्सल आलं:
लोकरीचे हातमोजे, राखाडी, जाड,
बोटं नाहीत, नुसता अंगठा वेगळा.
पोरं लोळून हसली.
मी हात घातला, तर आत
माझ्या हाताएवढी जागा आणखी उरली.
इंगेबोर्गबाई माप चुकली, असं सगळे म्हणाले.

बापानं ते सुट्टीत पाहिले, उलटे केले,
हुंगले, काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी ते घालून
झाडावरचं पोळं काढलं.
लोकरीत मध भरला,
मुंग्या लागल्या,
धुतले, वळचणीला वाळवले,
पुन्हा पुढच्या पोळ्याला.

जूनच्या शनिवारी फळ्यावर होतं:
भेट मिळाली. आभारी आहे.
मी ते उतरवून घेतलं.
खाली बोटभर जागा होती,
तिथे लिहिलं:
वडिलांना बरोबर बसले,
आणि
मध निघाला.
'आणि' दोनदा तपासलं.